जर्सीत चालणारं पोकर ॲप न्यूयॉर्कमध्ये का थांबतं आणि डॅलसला गेल्यावर काय होणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहतात, ऑफिस नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला, घरी लायसन्स असलेल्या साइटवर पोकर खेळतात पण पाथ ट्रेनने नदीपलीकडे गेलं की तेच ॲप खेळू देत नाही. आता कंपनी डॅलसला पाठवतेय, तर अकाउंट तिथे चालेल का, व्हीपीएन (इंटरनेटवर आपली जागा वेगळी दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून भागेल का, आणि मुळात देश एकच असताना हा काय प्रकार आहे. मी बरीच वर्षं याच क्षेत्रात आहे, लायसन्सवाल्या पोकर रूम्ससाठी, म्हणजे ऑनलाइन पोकर साइटसाठी, लोकेशन आणि कम्प्लायन्सचं (नियमपालनाचं) काम करतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते आणि तिच्यावर विसंबून लोक पैसे अडकवून बसतात.

आधी सरळ उत्तर. डॅलसला चालणार नाही. टेक्सासमध्ये ऑनलाइन पोकरचं लायसन्सच कुणाला मिळत नाही, त्यामुळे तुमचं जर्सीचं अकाउंट तिथे उघडेल, बॅलन्स दिसेल, पैसे काढताही येतील, पण टेबलवर बसता येणार नाही. व्हीपीएनचा विचार डोक्यातून काढून टाका, का ते पुढे सांगतो.

आता हे असं का. अमेरिकेत जुगाराचे नियम ठरवणं हे मुख्यतः राज्यांचं काम आहे. केंद्राचा 2006 चा एक कायदा आहे, ऑक्टोबर 2006 मध्ये बंदरांच्या सुरक्षेच्या बिलाला जोडून पास झालेला, त्याने खेळणाऱ्याला हात लावला नाही, त्याने पैशांच्या वाटा धरल्या, म्हणजे बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी बँकांनी आणि पेमेंट कंपन्यांनी व्यवहार करायचे नाहीत. पण त्याच कायद्यात एक वाट मोकळी ठेवलेली आहे, राज्याने स्वतःच्या हद्दीत परवानगी दिली असेल आणि वय व जागा नीट तपासली जात असेल तर तो व्यवहार बेकायदा धरायचा नाही. आजचं सगळं लायसन्सवालं पोकर या एका वाटेवर उभं आहे. ‘जागा तपासली जात असेल’ ही अट कायद्यातलीच आहे, त्यामुळे ॲप तुम्हाला नदीपलीकडे थांबवतं ते कंपनीच्या मर्जीने नाही, नाही थांबवलं तर कंपनीचं लायसन्स जाईल.

2006 नंतरही बाहेरच्या देशातल्या साइट अमेरिकन लोकांना खेळवत राहिल्या. मग 15 एप्रिल 2011 उजाडला, पोकरवाले त्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात, न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या साइटची डोमेन म्हणजे वेब पत्ते जप्त केले. फुल टिल्टकडे तर खेळाडूंचे पैसे परत द्यायला पुरेशी रक्कमच नव्हती. अमेरिकन खेळाडूंना ते पैसे मिळायला सुरुवात झाली 2014 मध्ये. तीन वर्षं. हे लक्षात ठेवा, अशा ऑफशोअर म्हणजे परदेशातून चालणाऱ्या साइटबद्दल बोलताना परत लागेल. त्याच 2011 च्या डिसेंबरात न्याय खात्याचं एक मत बाहेर आलं की 1961 चा वायर ॲक्ट, म्हणजे राज्यांच्या सीमेपलीकडे तारेवरून बेटिंग चालवण्याविरुद्धचा केंद्राचा कायदा, फक्त खेळांवरच्या बेटिंगला लागू होतो, पोकरला नाही, आणि तिथून राज्यांची हिंमत वाढली. 2013 मध्ये नेव्हाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी ही तीन राज्यं एका पाठोपाठ एक सुरू झाली.

लोकेशनचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लोकांना वाटतं आयपी ॲड्रेस बघतात. आयपी बघतात खरं, पण त्यावर विश्वास कुणी ठेवत नाही. फोनवर जीपीएस, आजूबाजूचे वायफाय राउटर, मोबाइलचे टॉवर हे सगळं एकत्र जुळवून बघितलं जातं. लॅपटॉपवर तुम्हाला जे एक छोटं प्लगइन टाकायला लावतात ते तुमच्या भोवतीच्या वायफायची यादी वाचतं, म्हणजे शेजाऱ्यांचे राउटरसुद्धा तुम्ही कुठे आहात याची साक्ष देतात. वर मशीनवर रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर चालू आहे का, व्हर्च्युअल मशीन आहे का, लोकेशन खोटं दाखवणारं ॲप आहे का, हेही तपासतात. आणि हे एकदा लॉगिनला करून सोडून देत नाहीत, मधूनमधून परत होतं, तुम्ही सीमेच्या जितके जवळ तितक्या लवकर पुढची तपासणी. म्हणून जर्सी सिटीत किंवा होबोकनला नदीच्या काठावरच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना जास्त त्रास होतो, 2013 च्या शेवटी जर्सीत नुकतं सुरू झालं तेव्हा तर घरात सोफ्यावर बसलेल्या माणसालाही तुम्ही राज्याबाहेर आहात असा मेसेज यायचा. आता ते बरंच सुधारलंय. तरी वायफाय बंद करून नुसत्या केबलवर खेळणारे लोक अजूनही अडकतात, कारण मशीनला आजूबाजूचं काही दिसतच नाही. लॅपटॉपचं वायफाय चालू ठेवा, केबल लावलेली असली तरी चालेल, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टूर्नामेंट चालू असताना ट्रेनमध्ये बसलात आणि बोगद्यातून पलीकडे निघालात तर काय होतं? तपासणी फेल होते, तुम्ही सिट आउट होता म्हणजे डावाबाहेर बसवले जाता, पण टूर्नामेंट तुमच्यासाठी थांबत नाही, ब्लाइंड आणि अँटी म्हणजे सक्तीने भरायच्या रकमा कापल्या जात राहतात. परत जर्सीत येईपर्यंत स्टॅक, म्हणजे तुमच्या चिप्सचा साठा, अर्धा झालेला असतो आणि सपोर्टवाले काही करू शकत नाहीत. कृपा करून असं करू नका, दर आठवड्याला असे मेल येतात.

आणि व्हीपीएन. बहुतेक वेळा लॉगिनलाच पकडलं जातं. समजा एखाद्याचं काही दिवस चाललं, तरी खरा प्रश्न पैसे काढताना येतो, त्या वेळी जुने लॉग बघितले जातात, आणि राज्याबाहेरून खेळल्याचं दिसलं तर जिंकलेली रक्कम रद्द करायचा अधिकार कंपनीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेला असतो, तुम्ही तो अकाउंट उघडताना मान्य केलेला असतो. वर अकाउंट कायमचं बंद. हरलेले पैसे हरलेलेच राहतात, जिंकलेले मात्र मिळत नाहीत, याहून वाईट सौदा मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची आहे. तुम्ही कुठले रहिवासी आहात याच्याशी या कायद्यांना देणंघेणं नाही, फोन हातात घेऊन तुम्ही उभे कुठे आहात एवढंच बघतात. वय 21 पूर्ण, ओळख पटलेली, आणि पाय त्या राज्याच्या जमिनीवर, बस्स. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स असलेला माणूस लास वेगासला सुट्टीला गेला की तिथे कायदेशीर खेळू शकतो, तुम्ही डॅलसहून जर्सीला नातेवाइकांकडे आलात तर तुमचं जुनं अकाउंट तिथे परत चालेल.

आता मुख्य मुद्दा. लोक मला नकाशा मागतात, कुठे कायदेशीर आणि कुठे नाही. पण नुसत्या त्या नकाशाने खेळणाऱ्याचं भागत नाही, कारण कायदा झाला म्हणजे टेबल मिळालं असं अजिबात नाही. कनेक्टिकटने 2021 मध्ये ऑनलाइन जुगार कायदेशीर केला, पोकरला मुभा होती, पण पुढची काही वर्षं तिथे एकही पोकर रूम उघडली नाही. वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा 2019 चा, खेळायला मिळेपर्यंत 2025 उजाडलं. का? लोकसंख्या बघा. वेस्ट व्हर्जिनिया 18 लाखांच्या आतबाहेर, कनेक्टिकट साधारण 36 लाख. स्लॉट किंवा ब्लॅकजॅकला एक माणूस आणि एक सर्व्हर पुरतो. पोकरला समोर दुसरी माणसं लागतात, ती पण त्याच वेळी, त्याच स्टेकला म्हणजे तेवढ्याच रकमेच्या पातळीला, त्याच खेळाला. कंपनी कमावते ती रेकवर, म्हणजे पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) घेतलेल्या छोट्याशा वाट्यावर, आणि लायसन्स फी, सर्व्हर, कम्प्लायन्सचा स्टाफ हे सगळं मात्र प्रत्येक राज्यात वेगळं. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला एकट्या पोकरच्या लायसन्सची फी 40 लाख डॉलर होती. तिथे लोकसंख्या 1 कोटी 30 लाख असल्याने ते परवडलं, छोट्या राज्यात कुणी फिरकत नाही.

रात्री एक वाजता छोट्या पूलच्या, म्हणजे एकत्र खेळणारे लोक थोडे असलेल्या, साइटची लॉबी (चालू टेबलांची यादी) उघडून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. होल्डेम या पोकर प्रकाराची दोन-चार टेबलं चालू असतात, तीही खालच्या स्टेकला, ओमाहा या दुसऱ्या प्रकाराच्या टेबलवर एकटा माणूस वाट बघत बसलेला, सिट अँड गो मध्ये (जागा भरल्या की सुरू होणाऱ्या छोट्या टूर्नामेंटमध्ये) सहापैकी दोन जागा भरलेल्या आणि अर्ध्या तासाने त्या दोघांतला एक निघून जातो. त्यात वर तेच तेच नेहमीचे चेहरे, म्हणजे रोज खेळणारे पक्के रेग्युलर. नवीन माणूस अशा ठिकाणी टिकत नाही, तो गेला की पूल अजून आटतो. कायद्याने दार उघडलेलं असतं पण आत खेळायला कुणी नसतं, मला ही अडचण बंदीइतकीच मोठी वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

यावर उपाय म्हणजे राज्यांनी खेळाडू वाटून घेणं. फेब्रुवारी 2014 मध्ये नेव्हाडा आणि डेलावेअर यांनी तसा करार केला, न्यू जर्सी 2017 मध्ये आत आली आणि 1 मे 2018 पासून तिन्ही राज्यांचे लोक एका टेबलवर बसू लागले. मग मिशिगन 2022 मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया 2023 मध्ये आणि पेनसिल्व्हेनिया एप्रिल 2025 मध्ये. सहा राज्यं झाली. पण हे किती संथ चालतं बघा, मिशिगनचा मूळ कायदा डिसेंबर 2019 चा, पहिली पोकर साइट जानेवारी 2021 मध्ये, दुसऱ्या राज्यांबरोबर खेळायची मुभा देणारी दुरुस्ती वेगळी करावी लागली, करारावर सही मे 2022 ला, आणि पोकरस्टार्सने मिशिगन आणि जर्सी प्रत्यक्ष जोडली ती 1 जानेवारी 2023 ला. तीन वर्षं, आणि हे त्यातल्या त्यात उत्साही राज्य.

पेनसिल्व्हेनियाचं तर अजून लांबलं, नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि साडेपाच वर्षं एकटंच राहिलं. डेलावेअर नदीच्या एका काठावरचा फिलाडेल्फियावाला आणि दुसऱ्या काठावरचा कॅम्डेनवाला एकाच कंपनीचं ॲप वापरत होते तरी एका टेबलवर बसू शकत नव्हते. यामागे एक मोठं कारण म्हणजे वायर ॲक्टची भीती. 2011 चं ते मत न्याय खात्याने 2018 मध्ये फिरवलं, म्हणाले वायर ॲक्ट फक्त स्पोर्ट्सपुरता नाही, आणि राज्याच्या सीमेपलीकडे खेळाडू जोडणं धोक्याचं वाटायला लागलं. न्यू हॅम्पशायरच्या लॉटरी कमिशनने त्यावर केस केली आणि जानेवारी 2021 मध्ये फर्स्ट सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की नाही, वायर ॲक्ट स्पोर्ट्सपुरताच आहे. बघा, केस लॉटरीवाल्यांची आणि तिच्यामुळे पोकरवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

अजून एक बारीक गोष्ट, राज्य करारात आहे म्हणजे तुमची साइट जोडलेली आहे असं होत नाही. त्या कंपनीकडे दोन्ही राज्यांचं लायसन्स हवं, दोन्हीकडच्या नियामकांनी सॉफ्टवेअर पास केलेलं हवं. त्यामुळे अकाउंट उघडायच्या आधी ‘माझ्या राज्यात आहे का’ एवढंच न विचारता ‘ही साइट माझ्या राज्याला कुठल्या कुठल्या राज्यांशी जोडते’ हे विचारा. लॉबीत त्या वेळी किती लोक आहेत ते बघूनच डिपॉझिट करा.

कॅलिफोर्नियाबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो, जवळपास 4 कोटी लोक, कार्डरूम्सची (पैसे लावून पत्ते खेळायच्या जागांची) जुनी परंपरा, तरी ऑनलाइन पोकर नाही. दहाएक वर्षं बिलं येत राहिली आणि पडत राहिली. तिथे नैतिकतेचा वाद फार नव्हताच. आदिवासी जमातींचे कॅसिनो, खाजगी कार्डरूम, घोड्यांचे रेसट्रॅक, यांच्यात कुणाला लायसन्स मिळावं यावर एकमत होईना, आणि 2006 नंतरही अमेरिकेत धंदा करत राहिलेल्या पोकरस्टार्ससारख्या कंपनीला आत घ्यायचं की नाही यावर जमातींमध्येच दोन तट पडले. एवढं मोठं राज्य पूलमध्ये आलं असतं तर सगळ्या देशातल्या पोकरचं चित्र बदललं असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकी राज्यांत सगळीकडे ‘नाही’ सारखंच नाहीये. यूटात राज्यघटनेतच जुगाराला मनाई आहे, तिथे चर्चाच नाही. वॉशिंग्टन राज्याचं लक्षात ठेवा, सिएटल आणि रेडमंडला आपली माणसं भरपूर आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे इंटरनेटवरून जुगाराची देवाणघेवाण करणं हा 2006 पासून क्लास सी फेलनी आहे, म्हणजे किरकोळ दंडाचा मामला नाही, आणि 2010 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा वैध ठरवला. त्याच राज्यात कार्डरूममध्ये जाऊन समोरासमोर पोकर खेळणं मात्र कायदेशीर आहे. टेक्सासमध्ये अजून वेगळं, खाजगी जागा असेल, सगळ्यांना जिंकायची संधी सारखी असेल आणि जिंकलेल्या पैशाशिवाय कुणी काही कमवत नसेल तर तुम्हाला कोर्टात बचाव मिळतो, म्हणून घरगुती गेम चालतात. मेंबरशिप फी घेऊन चालणारे जे क्लब डॅलसला दिसतील ते याच तरतुदीवर टेकून आहेत आणि त्यांच्याबद्दल वाद चालूच असतात, तेव्हा आत जाण्याआधी सध्याची स्थिती बघा.

मग लोक वळतात ऑफशोअरकडे. ‘अमेरिकन खेळाडू स्वीकारतात’ असं लिहिलं म्हणजे ते कायदेशीर आहे असा त्याचा अर्थ नाही, त्या कंपनीला फरक पडत नाही एवढाच अर्थ. तुमचं कार्ड डिक्लाइन होतं, कारण जुगाराच्या व्यवहारांना 7995 हा मर्चंट कोड (धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा) असतो आणि बऱ्याच बँका तो बघून थांबवतात, मग ते क्रिप्टो मागतात, आणि पैसे अडकले की दाद मागायला कुणीच नसतं. जर्सीत तुम्ही गेमिंग एन्फोर्समेंट डिव्हिजनकडे तक्रार करू शकता, खेळाडूंचे पैसे कंपनीला वेगळे ठेवावे लागतात. फुल टिल्टचं वर सांगितलंच आहे. स्वीपस्टेक्सवाल्या साइट, ज्या दोन प्रकारची नाणी देऊन आम्ही जुगार नाहीच म्हणतात, त्यांनाही 2025 मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाने बंद करणारे कायदे केले, त्यामुळे त्या आज चालतात म्हणून तिथे मोठी रक्कम ठेवू नका.

तुम्ही व्हिसावर आहात असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून हे जास्त तळमळीने सांगतोय. नागरिकत्वाच्या वेळी चांगल्या चारित्र्याची जी अट असते तिच्या कलमात जुगाराचा थेट उल्लेख आहे, मुख्य उत्पन्न बेकायदा जुगारातून असेल तर, किंवा जुगाराच्या दोन वा अधिक गुन्ह्यांत दोषी ठरलेले असाल तर, ती अट पूर्ण होत नाही. लायसन्सवाल्या साइटवर राज्याच्या हद्दीत खेळणं यात बसत नाही. पण राज्याबाहेरून, खोट्या लोकेशनने किंवा वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी खेळून आपण स्वतःच बेकायदा बाजूला जातो, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाने काही डॉलरच्या गेमसाठी हा धोका घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या केसबद्दल इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आता निघायच्या आधी काय करायचं ते. टूर्नामेंटची तिकिटं आणि अर्धवट राहिलेला बोनस जर्सीत असतानाच वापरून टाका, ते डॅलसहून वापरता येत नाहीत आणि त्यांना मुदत असते. बॅलन्स काढून घ्या, पत्ता आणि बँक बदलायच्या आधी काढलात तर पुन्हा कागदपत्रं मागायची भानगड टळते. बाहेरून काढता येतात पण व्हेरिफिकेशनला वेळ जातो. पैसे तसेच ठेवून विसरू नका, जर्सीत वर्षभर काहीच हालचाल नसली की अकाउंट डॉर्मंट म्हणजे निष्क्रिय धरलं जातं. वर्षभराचा जिंकल्या-हरल्याचा हिशोब डाउनलोड करून ठेवा, जर्सीत जिंकलेले पैसे जर्सीच्या टॅक्स रिटर्नमध्ये येतात, तुम्ही वर्षाच्या मध्ये टेक्सासला गेलात तरी.

आणि कधी स्वतःला थांबवण्यासाठी सेल्फ एक्सक्लूजन (मला खेळू देऊ नका अशा यादीत स्वतःहून नाव घालणं) घेतलं असेल किंवा घ्यावंसं वाटत असेल तर तेही राज्यनिहाय असतं, जर्सीच्या यादीत नाव टाकलं म्हणून पेनसिल्व्हेनियात किंवा मिशिगनमध्ये ते आपोआप लागत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. ज्यांची प्रवासाची नोकरी आहे त्यांनी आपण जातो त्या प्रत्येक राज्यात तो आधीच भरून ठेवावा, फॉर्म राज्याच्या नियामकाच्या साइटवर असतो.